पंधरापैकी अकरा

“माझे बारा आले,” भाऊजी म्हणाले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले.

मी मोरीत स्टुलावर उभा होतो. ताईच्या गिझरची कॉइल जळली होती, ती बदलत होतो. सोमवारचे दुपारचे अडीच वाजले होते. भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान श्रीनिवास आठल्ये, रोज साडेसहाला घरी येतात. सहा वीसला नाही, सहा चाळीसला नाही. तेहतीस वर्षं. जिन्यात त्यांची पावलं वाजली की शेजारच्या बाई कुकर चढवतात, असं ताई कौतुकानं सांगते.

“कशाचे बारा?” ताईनं विचारलं.

“सत्यपट्टीचे. पंधरापैकी बारा.”

ताईला काही उमजलं नाही. मला लगेच उमजलं. हातातला पाना खिडकीत ठेवून मी जरा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मला हसू आवरत नव्हतं. मला आनंद झाला. झाला नाही असंही मी म्हणू शकतो, पण माझं म्हणणं त्या घरात गेली सव्वीस वर्षं कुणी धरत नाही, तेव्हा खरंच सांगून टाकतो.

भाऊजी सदाशिव पेठेतल्या एका मानसमापन केंद्रात नोकरीला आहेत. मानसशास्त्रज्ञ म्हणून नव्हे. बी.ए.ला त्यांचा इतिहास होता. केंद्राचे संस्थापक, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, त्यांनी मराठी माणसांसाठी एक व्यक्तिमत्त्व चाचणी तयार केली होती. एकशे ऐंशी वाक्यं, प्रत्येकापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ अशी खूण करायची. मग भाऊजी त्या कागदावर भोकं पाडलेला पुठ्ठा ठेवणार, भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजणार आणि खाली आकडा लिहिणार. एका पुठ्ठ्यावरून माणूस किती बोलका आहे ते कळायचं, दुसऱ्यावरून तो किती काळजी करतो ते. तिसरा पुठ्ठा शिस्तीचा आणि चौथा दुसऱ्याशी जुळवून घेण्याचा. बँका आणि कारखाने नोकर भरताना उमेदवारांना इथं पाठवत. कुणाला काउंटरवर बसवायचं, कुणाला आतल्या खोलीत, हे केंद्र सुचवायचं.

त्या पुठ्ठ्यांतून भाऊजी बरंच शिकले, हे मान्य करायला हवं. सर म्हणत, माणसं वाईट नसतात, वेगवेगळी असतात, आणि वेगळ्या माणसाशी वेगळं वागावं लागतं. भाऊजींनी ते घरी आणलं. त्यांच्या सोसायटीत सेक्रेटरी आणि तळमजल्यावरचे दामले यांचं टाकी धुण्यावरून सात वर्षं भांडण चालू होतं. भाऊजींनी ताडलं की दामल्यांना पाणी बंद असण्याचं दुःख नाही, ऐन वेळी कळण्याचं आहे. त्यांनी सेक्रेटरीला दोन दिवस आधी दामल्यांच्या पेटीत चिठ्ठी टाकायला लावलं. भांडण मिटलं. दामले आता फक्त चिठ्ठीतल्या अक्षराला नावं ठेवतात.

पण पाचवा पुठ्ठाही होता. तो सत्यपट्टीचा. एकशे ऐंशी वाक्यांत पंधरा वाक्यं अशी पेरलेली होती: ‘मी आयुष्यात एकदाही खोटं बोललेलो नाही.’ ‘कुणाच्या माघारी मी त्याच्याबद्दल कधीच वाईट बोललेलो नाही.’ ‘तिकीट न काढता मी कधीही प्रवास केलेला नाही.’ असं सगळं ‘बरोबर’ म्हणणारा माणूस जन्माला यायचा आहे, असं सरांचं मत. नऊपर्यंत चालेल. दहा झाले की तो माणूस स्वतःला रंगवून दाखवतोय असं समजायचं. मग बाकीचे चार पुठ्ठे लावायचेच नाहीत. कागदावर ‘उत्तरं विश्वासार्ह नाहीत’ असं लिहायचं आणि तो बाद गठ्ठ्यात टाकायचा. अंतर्मुखाला जागा होती, तापट माणसालाही होती. दहाच्या पुढे गेलेल्याला नव्हती.

अठ्ठ्याण्णव साली एका सहकारी बँकेत क्लार्क भरायचे होते. मी चोवीस वर्षांचा, बी.कॉम., लेखी परीक्षेत चौथा. शेवटी ही चाचणी. आमचे वडील खडकीच्या कारखान्यात तपासनीस होते. एक माप चुकीचं लिहिलं तर कुठंतरी कुणाचा तरी हात जातो, असं सांगत त्यांनी आम्हा दोघांना वाढवलं. खोटं बोललो तर मार नसे, जेवण नसे. त्यामुळे त्या पंधरांतली नऊ वाक्यं माझ्या बाबतीत खरंच खरी होती. आणखी दोन मी खोटी लिहिली. बँकेला सज्जन माणूस हवा असणार, म्हणून मी गरजेपेक्षा जरा जास्त सज्जन झालो. झाले अकरा.

कागद भाऊजींच्याच टेबलावर आला. तो त्यांना दुसऱ्याकडे देता आला असता. त्यांनी दिला नाही, कारण पुठ्ठा सगळ्यांना सारखा. निकाल बाहेर बोलायचा नसतो. पण पुढच्या रविवारी ते दोघं खडकीला आमच्याकडे जेवायला आले, आईनं विचारलं, आणि विचारलं की भाऊजी खरं सांगतात.

“बाळचे अकरा आले.”

“कितीपैकी?” आई म्हणाली.

“पंधरापैकी.”

“म्हणजे सत्तर टक्क्यांच्या वर की,” आई म्हणाली आणि देवापुढे साखर ठेवायला उठली.

“आई, थांबा. ही पट्टी उलटी असते.” मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, शिकवणीच्या सुरात. आई साखरेची वाटी हातात धरून ऐकत राहिली. शेवटी तिनं एवढंच विचारलं, “म्हणजे आमचा बाळ खोटारडा का?” भाऊजी म्हणाले, “मी तसं म्हणत नाही. पट्टी म्हणते.”

तेव्हापासून पट्टीच म्हणत आली. मी दुधाचा भाव सांगितला तरी भाऊजी दूधवाल्याला विचारायचे. “बाळ म्हणतोय ना, मग निम्मं धरा,” हे त्यांचं वाक्य. रागानं नाही म्हणायचे. मधुमेह असलेल्याला जसं आपण गोड वाढत नाही, तसं ते मला विश्वास वाढत नसत. माझ्यासाठी सांगून आलेल्या एका मुलीचे वडील त्यांच्याकडे चौकशीला गेले, तर त्यांनाही आकडा सांगितला. त्या गृहस्थांना आकडा कळला नसेल, सांगणाऱ्याचा चेहरा कळला. मग कुणी आलंच नाही. मी खडकी बाजारात मिक्सर-गिझर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि एकटा राहिलो.

तर त्या सोमवारी त्यांचे बारा आले. झालं होतं असं की सर गेल्यावर केंद्र त्यांच्या नातवाकडे, आमोदकडे आलं. पुठ्ठे गेले, कंप्युटर आला. भाऊजींना या महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण होत होती, पण पुढची पाच वर्षं करारावर ठेवायचं ठरलं होतं. जुने कागद, जुनी गिऱ्हाइकं, सगळं त्यांच्याच डोक्यात. फक्त आमोदनं ठरवलं की जी चाचणी आपण जगाला विकतो, ती आपल्या माणसांनीही द्यावी. सगळ्यांनी दिली. भाऊजींनीही दिली, आणि पंधरा वाक्यं तोंडपाठ असताना खरी उत्तरं दिली.

“माहीत होतं ना तुम्हाला कुठली वाक्यं ती?” ताई म्हणाली.

“माहीत आहेत म्हणून उत्तर बदलायचं? ती चोरी झाली.”

“आमोद काय म्हणाला?”

“म्हणाला, काका, नऊ म्हणजे नऊ, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आपल्याच माणसाला सूट दिली तर क्लायंटला काय तोंड दाखवू?” भाऊजी गुडघ्यावरची पँट सारखी करत म्हणाले, “बरोबरच आहे त्याचं.”

तिथं ऋचा नावाची एक तरुण मानसशास्त्रज्ञ आहे. तिला वाईट वाटलं. तिनं त्यांना जिन्यात गाठून सांगितलं होतं, “काका, तुम्ही जेन्युइन आहात हे मला माहितीये, पण सिस्टिमला नाही ना माहीत. गुरुवारी री-टेस्ट घेऊ. त्या पंधरातले तीन फक्त चेंज करा, बस.”

“मग करा की तीन,” ताई म्हणाली.

“म्हणजे खोटं लिहू?”

“तुम्ही खरे आहात हे त्यांना पटावं म्हणून. जगात काय एकेक असतं.”

“तेहतीस वर्षं मी लोकांच्या कागदावर ‘विश्वासार्ह नाही’ असं लिहिलं, श्यामला. तेच लिहिलेलं पत्र हातात घेऊन मी घरी बसू? खाली दामले विचारतील, का हो, करार झाला होता ना? काय सांगू?”  त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी मोरीतून बाहेर आलो. “माझे अकराच होते,” मी म्हणालो. “तुम्ही माझ्या पुढे गेलात.”

भाऊजींनी वर पाहिलं नाही. ताईनं मात्र माझ्याकडे डोळे वटारले. “बाळ, तुझी गोष्ट वेगळी,” ती म्हणाली.

मंगळवारी दुपारी मी दुकानात एका मिक्सरचं भांडं उघडून बसलो होतो, तर भाऊजी समोर उभे. माझ्या दुकानात ते उद्घाटनालाही आले नव्हते. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

“एक झालं,” ते म्हणाले.

“काय झालं?”

“शिवाजीनगरपासून खडकीपर्यंत बसनं आलो. तिकीट न काढता.” ते स्टुलावर टेकले. “कंडक्टर जवळून गेला. मी बाहेर बघितलं. त्यानं विचारलंच नाही.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. रात्रभर विचार करून त्यांनी तोड काढली होती. खोटी खूण करणार नाही, पण ती खरी करून घ्यायला काय हरकत आहे? तीन वाक्यं निवडायची. गुरुवारच्या आत तिन्ही अपराध प्रत्यक्षात करायचे. मग ‘मी तिकिटाशिवाय प्रवास केलेला नाही’ यापुढे ‘चूक’ लिहिणं खोटं ठरणार नाही. घडी घातलेला कागद त्यांनी खिशातून काढला. तीन ओळी होत्या, पहिल्या ओळीपुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण केलेली.

“माझ्याकडे कशाला आलात?”

“पुढच्या दोन्हींचं मला जमेना. तुला यातलं कळतं,” भाऊजी म्हणाले.

त्यांना हे टोचून म्हणायचं नव्हतं. सुताराला लाकडातलं कळतं, तसं ते म्हणाले. मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि ठरवलं की आज दुकानात दुसरं काही करायचं नाही.

“दुसरं काय आहे? माघारी वाईट बोलणं?” मी म्हणालो. “बोला मग. आमोदबद्दल बोला.”

“आमोद हुशार आहे.”

“असं नाही. वाईट.”

 एक बाई मिक्सर घ्यायला आल्या, त्यांना मी मुद्दाम थांबवून घेतलं. “हे आमचे भाऊजी,” मी म्हणालो. “कुणाची तरी निंदा करायला आलेत, पण होत नाहीये.” बाई हसल्या. भाऊजी कागदाकडे बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, “सरांना शुद्ध मराठी लिहिता येत नव्हतं. त्यांचे लेख मी नीट करून द्यायचो. पुस्तकात माझं नाव घालतो म्हणाले होते. घातलं नाही.”

एवढं बोलून ते रडतील की काय असं मला वाटलं. ते रडले नाहीत. पेन्सिल काढून दुसऱ्या ओळीपुढे खूण केली. बाई मिक्सर घेऊन गेल्या.

“आता खोटं बोलायचं राहिलं,” भाऊजी म्हणाले. “कुणाशी बोलू? ज्याचं काही नुकसान होणार नाही असा कुणीतरी हवा.”

“त्याची गरज नाही,” मी म्हणालो. “ते तुमचं पंधरा वर्षांपूर्वीच झालंय.”

“माझं?”

“आई गेली त्या दिवशी.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती, चोरी पकडल्याचा भाव नव्हता. त्यांना खरोखर आठवत नव्हतं. मग मी आठवण करून दिली. एकेक शब्द सावकाश, ते समजावून सांगतात तशा शिकवणीच्या सुरात.

दोन हजार नऊचा ऑगस्ट. दुपारी तीनला आईला धाप लागली. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, हलवू नका, जवळच्यांना बोलवा. ताई शाळेत शिकवायची. शाळेतला फोन कुणी उचलेना, म्हणून मी केंद्रात फोन लावला. भाऊजींनी उचलला. मी म्हणालो, आईचं काही खरं नाही, ताईला शाळेतून घ्या आणि लगेच या. ते म्हणाले, बघतो. समोर एका कारखान्याचे दोनशे कागद पडले होते, दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. आणि फोन तर बाळचा. त्यांनी निम्मं धरलं. सहाला कागद संपवून ते घरी गेले, ताईला घेतलं आणि सव्वासातला खडकीत पोचले. आई सव्वासहाला गेली होती. जाईपर्यंत दर पाच मिनिटांनी विचारत होती, श्यामला आली का.

दारातच ताईनं मला विचारलं, “फोन केव्हा केलास?” मी म्हणालो, “तीनला.” तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, “निघता निघता आला. सहाला.”

ताईनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही. मग मला म्हणाली, “तीन तास काय करत होतास रे?”

पंधरा वर्षं प्रत्येक श्राद्धाला पान वाढताना ती म्हणत आली आहे, “मला वेळेवर कळवलं असतंस तर.” भाऊजी तिथंच सोवळ्यात बसलेले असतात.

हे सगळं मी दुकानात सांगितलं. बाहेर रिक्षावाले भांडत होते. भाऊजी स्टुलावर ताठ बसून राहिले होते, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे.

“मी विसरलो होतो, बाळ,” ते म्हणाले.

ते खरं होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मी एक दिवस विसरलो नव्हतो, आणि हे सोयीस्करपणे विसरून गेले होते. विसरून वर माझ्याकडे खोटेपणाची शिकवणी मागायला आले होते.

“तू श्यामलाला सांगणार?” त्यांनी विचारलं.

“सांगितलं होतं की. त्याच दिवशी सांगितलं होतं. पण माझे अकरा आहेत.”

त्यांनी मान खाली घातली.

“तुम्ही सांगा,” मी म्हणालो. “गुरुवारी मशीनला सांगा, मी खोटं बोललोय म्हणून. आणि रविवारी ताईला. मशीनला एक आणि ताईला एक, असं चालायचं नाही.”

“सांगतो,” ते म्हणाले. “रविवारी ये जेवायला.” कागद खिशात ठेवून ते उठले. तिसऱ्या ओळीपुढे त्यांनी खूण केली नव्हती. दारात थांबून म्हणाले, “दोनशे कागद होते रे. त्यातले सतरा बाद झाले होते.” एवढं मात्र त्यांना आठवत होतं.

गुरुवारी त्यांनी पुन्हा चाचणी दिली. संध्याकाळी ताईचा फोन आला. “नऊ आले रे, बरोब्बर नऊ.” तिचा आवाज लग्न ठरलेल्या मुलीसारखा झाला होता. पाच वर्षांचा करार, आणि शिवाय पत्र: ‘उत्तरं विश्वासार्ह आहेत.’

रविवारी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तमाशा बघायला जातात तसा गेलो, हे लपवत नाही. ताईनं अळूची भाजी, मसालेभात आणि जिलबी असा बेत केला होता. केंद्राचं पत्र टीव्हीच्या कपाटावर फुलदाणीला टेकवून उभं केलं होतं. खालच्या दामल्यांना ती ते दाखवून आली होती. दामल्यांनी पत्रातला एक अनुस्वार चुकलाय एवढंच सांगितलं म्हणे.

भाऊजींनी पानातलं काही खाल्लं नव्हतं. चार दिवसांत ते वाळल्यासारखे दिसत होते.

“मी तर आधीपासून सांगत होते,” ताई भात वाढत म्हणाली. “ह्यांच्याइतका खरा माणूस नाही. आता कंप्युटरनंही सांगितलं.”

मला हसू फुटलं. आपण खोटं बोललोय असं भाऊजींनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, तेव्हा कंप्युटरला ते खरे वाटले होते.

“हसायला काय झालं तुला?” ताई म्हणाली. “त्यांच्याकडून शिक जरा.”

भाऊजींनी हातातला घास खाली ठेवला. “श्यामला,” ते म्हणाले. “आई गेल्या त्या दिवशी बाळचा जो फोन आला होता ना…”

ताईचा हात भातवाढीवर थांबला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. माझ्या बहिणीला मी पन्नास वर्षं ओळखतो. त्या नजरेत प्रश्न नव्हता. पुढचं वाक्य येऊ नये असं तिला वाटत होतं. सत्तावन्न वर्षांची बाई, दोन्ही गुडघे गेलेले, घरात दुसरं कुणी नाही, आणि उरलेलं आयुष्य याच माणसासमोर पान मांडायचं.

मग मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच, वाक्य पुरं व्हायच्या आधीच, सुटका दिसायला लागली होती. मला पुढचं सगळं कळलं. ते सांगतील. ताई रडेल, आठवडाभर बोलणार नाही, मग एक दिवस चहा पुढे करील. पंधरा वर्षांनी का होईना पण खरं सांगितलं, म्हणून तिच्या मनात ते आणखी वर जातील. खरं बोलण्याचं श्रेयही त्यांनाच.

“मी सहाला केला होता,” मी म्हणालो.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

“तीनला नव्हता केला, ताई. आई बरी होईल असं वाटलं मला. घाबरलो होतो. नंतर तीनला केला म्हणून सांगितलं.”

“नाही, श्यामला,” भाऊजी घाईनं म्हणाले. “हा असं काय… तीनलाच केला होता त्यानं. मीच…”

“भाऊजी, जाऊ द्या,” मी म्हणालो. “किती दिवस माझ्यावर पांघरूण घालणार?”

 ताईच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला समोर दिसलं. तिनं भातवाढी पातेल्यात ठेवली, माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई गेल्यापासून तिनं मला हात लावला नव्हता.

“एवढंच बोलायचं होतं रे,” ती म्हणाली. “मी काय खाल्लं असतं तुला?” मग भाऊजींना म्हणाली, “आणि तुम्ही. त्याला वाचवायला स्वतःवर घ्यायला निघालात. कमाल आहे तुमची.”

त्या घरात माझं बोलणं कुणाला न विचारता खरं मानलं गेलं, ते त्या दुपारी. मी हे ताईसाठी केलं असं सांगता येईल, आणि थोडं तिच्यासाठी केलंही. बाकीचं भाऊजींसाठी केलं. आता त्यांना ते कधीच सांगता येणार नाही. सांगितलं तर ताईचं त्यांच्यावरचं प्रेम आणखी वाढेल, बस.

भाऊजी पानावरून उठले आणि बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागले. नळ बराच वेळ चालू राहिला.

“अहो, ताक राहिलं तुमचं,” ताईनं हाक मारली. ते आले नाहीत. तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या पानात आणखी एक जिलबी वाढली. मी ती खाल्ली.